मनगटावरच्या आकड्यांची पारख

तुमसरला मोबाइलच्या दुकानात स्मार्टवॉच मागितले की काउंटरवर पाच-सहा खोकी येतात आणि जवळपास प्रत्येकावर तीच यादी छापलेली असते: हार्ट रेट, ऑक्सिजन, झोप, ताण, कॅलरी, शंभरावर स्पोर्ट्स मोड, ब्लूटूथ कॉलिंग. किंमत मात्र दीड हजारापासून तीस हजारांच्या पुढे. यादी सारखी आणि किमतीत एवढी तफावत, म्हटल्यावर घेणारा गोंधळतोच.

घेणाऱ्यांच्या गरजाही वेगवेगळ्या असतात. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलाला वेळ आणि अंतर हवे असते. शुगर निघाल्यामुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेल्या काकांना आपण पुरेसे चालतो का, एवढेच पाहायचे असते. राईस मिलमध्ये मशीनच्या आवाजात ज्याला फोनची रिंग ऐकूच येत नाही, त्याला मनगटावर थरथर जाणवली तरी पुरे. डोंगरी बुजुर्ग किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीत पाळीने काम करणाऱ्याला झोपेचा हिशोब हवा असतो.

या सगळ्यांनी घड्याळ निवडण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. यादीतल्या काही गोष्टी घड्याळ खरोखर मोजते, काही मोजलेल्यावरून गणिताने काढते आणि काही निव्वळ अंदाजाने सांगते. पडद्यावर मात्र हे सगळे आकडे सारख्याच ठळक अक्षरांत उमटतात. कोणता आकडा कुठून आला हे कळले की कशासाठी पैसे मोजायचे आणि कशासाठी नाही, हे आपोआप ठरते.

पावले: हात हलला तरच मोजणी

पावले मोजण्याचे काम ॲक्सेलरोमीटर नावाची चिप करते. ती तांदळाच्या दाण्यापेक्षाही आखूड असते आणि तिन्ही दिशांची हालचाल टिपते. आपण चालतो तेव्हा हात लयीत पुढे-मागे होतो आणि पाऊल टेकताना शरीराला हलका धक्का बसतो. घड्याळातले सॉफ्टवेअर ही लय ओळखते. बहुतेक घड्याळे काही पावले सलग दिसेपर्यंत थांबतात आणि मग मोजणी सुरू करतात. म्हणून सपाट रस्त्यावर हात मोकळे सोडून चालले तर स्वस्त घड्याळाचा आकडाही बऱ्यापैकी बरोबर येतो.

आता रोवणीचे काम पाहा. बाई बांधीतल्या चिखलात वाकून उभी आहे. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने दोन-चार रोपे सुटी करून चिखलात खोचायची, अर्धे पाऊल मागे सरकायचे, पुन्हा खोचायचे. घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर तो हात जवळजवळ स्थिर असतो. पायही चिखलातून सावकाश सरकतो, धक्का बसतच नाही. दिवसभर कंबर मोडेपर्यंत राबूनही पावलांचा आकडा जेमतेम दिसेल. तेच घड्याळ उजव्या मनगटावर बांधले तर खोचण्याच्या लयीलाच ते पावले समजू शकते. दोन्ही आकडे खोटे आणि कष्टाचा अंदाज दोन्हीतून येत नाही. पोते धरून चालणाऱ्या हमालाचे आणि हँडलवर हात ठेवून सायकल चालवणाऱ्याचेही असेच होते. ज्यांचे रोजचे कामच अंगमेहनतीचे आहे, त्यांनी पावलांच्या आकड्यावरून आपण कमी पडतो असे मानू नये.

बहुतेक घड्याळे पहिल्या दिवशीच दहा हजार पावलांचे लक्ष्य पुढे ठेवतात. हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. जपानच्या यामासा कंपनीने १९६५ मध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आणले, त्याच्या विक्रीतून तो जगभर रुळला. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये पंधरा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या आतल्यांना साधारण आठ ते दहा हजार आणि साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो, त्यापुढे फारसा वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावले न मोजता वेळ मोजायला सांगते: आठवड्याला किमान १५० मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल अशा चालीने. डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या माणसाने हे १५० मिनिटांचे लक्ष्यच डोळ्यांसमोर ठेवावे.

नाडी: हिरव्या दिव्याचे काम

घड्याळ उलटे केले की मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. शेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो आणि त्यावरून मिनिटाला किती ठोके पडले ते निघते. हे खरे मोजमाप आहे. शांत बसलेल्या माणसाच्या बाबतीत बरी घड्याळे हे काम चांगले करतात.

अडचण हालचालीत येते. पट्टा सैल असेल तर घड्याळ मनगटावर घसरते, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि सेन्सरला ठोका कोणता, धक्का कोणता हे कळेनासे होते. धावताना पावलांची लय मिनिटाला १६०-१७० असते. अशा वेळी घड्याळ पावलांच्या लयीलाच नाडी समजून तोच आकडा दाखवत राहते. थंडीत त्वचेकडचा रक्तप्रवाह कमी होतो, तेव्हाही आकडा डळमळतो. मनगटावर गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते. आपल्याकडे अनेक जुन्या बायांच्या मनगटावर गोंदण असते, आईसाठी किंवा आजीसाठी घड्याळ घेताना हे ध्यानात असावे.

धावताना पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्ट बांधावा, एरवी थोडा सैल करावा. आखूड, जोरदार धावेत नाडी झपाट्याने चढते आणि मनगटावरचे घड्याळ काही सेकंद मागे राहते. तिथे छातीला बांधायचा पट्टा जास्त खात्रीचा, कारण तो हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो.

नाडीचा सर्वांत उपयोगी आकडा विश्रांतीचा. प्रौढ माणसाची विश्रांतीची नाडी साधारण ६० ते १०० असते. नियमित व्यायामाने ती हळूहळू खाली येते. ताप, अपुरी झोप किंवा अंगातले पाणी कमी होणे, यांनी ती वर जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की त्याच रस्त्यावर, त्याच चालीने चालतानाही नाडी जास्त दिसते, कारण अंग गार ठेवण्यासाठी हृदय त्वचेकडे जास्त रक्त ढकलत असते. अशा वेळी घड्याळ पाहून जोर वाढवू नये, सावली आणि पाणी पाहावे.

‘२२० वजा वय’ या सूत्राने घड्याळ तुमची कमाल नाडी धरते आणि त्यावरून व्यायामाचे टप्पे पाडते. हे सरासरीचे सूत्र आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. बीपीची किंवा हृदयाची गोळी सुरू असेल तर हे टप्पे बाजूला ठेवून डॉक्टरांनाच विचारावे. काही गोळ्या नाडी मुद्दामच कमी ठेवतात.

ऑक्सिजन, बीपी, शुगर: इथे सावध राहा

रक्तातला ऑक्सिजन पाहायला तांबडा आणि इन्फ्रारेड असा दोन तऱ्हांचा प्रकाश लागतो. ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये या तत्त्वावर पल्स ऑक्सिमीटर घडवला. कोरोनात घरोघरी आलेले बोटाचे यंत्र त्याचेच पुढचे रूप. बोटात प्रकाश एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघतो. मनगटावर तो परत फिरून येण्याची वाट पाहावी लागते, म्हणून संकेत क्षीण असतो आणि आकडा कमी भरवशाचा.

त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासात दिसले की ऑक्सिजन खरोखर कमी असूनही बोटाच्या यंत्राने तो ठीक दाखवला, असे गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांच्या बाबतीत जवळपास तिप्पट वेळा घडले. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. हा आकडा, असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलेले आहे, एवढेच सांगतो. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, ते सांगत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या घड्याळावरही ९८ दिसेल. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्यात या यंत्रांचे वाचन चुकू शकते. त्यांनी घड्याळावर विसंबून दवाखाना टाळू नये.

बीपी मोजायला दंडाला पट्टा आवळावा लागतो, कारण दाब दाबानेच मोजला जातो. काही नामांकित घड्याळे प्रकाशाच्या लहरीवरून बीपीचा अंदाज देतात, पण त्यांनाही आधी पट्ट्याच्या यंत्राचे आकडे भरून द्यावे लागतात आणि ते ठरावीक दिवसांनी पुन्हा करावे लागते. दोन हजारांचे घड्याळ असे काहीही न विचारता थेट १२०/८० दाखवत असेल, तर त्या आकड्याला किंमत नाही. तुमसर भागात बीपीचे अनेक रुग्ण असे घड्याळ पाहून ‘आज ठीक आहे’ म्हणत गोळी चुकवतील, ही भीती खरी आहे. त्यांनी तेच पैसे दंडाच्या डिजिटल मशीनवर खर्चावेत.

सुई न टोचता शुगर सांगणारे घड्याळ तर घेऊच नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले की असे एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतते.

ईसीजीची सोय महागड्या घड्याळांत असते. मागची बाजू मनगटाला आणि दुसऱ्या हाताचे बोट बटणाला टेकवले की साधारण ३० सेकंदांत हृदयाचा आलेख निघतो. ठोक्यांची लय बिघडण्याचा एक विशिष्ट प्रकार त्यातून लक्षात येऊ शकतो. पण दवाखान्यातला आलेख बारा बाजूंनी हृदय पाहतो आणि हा फक्त एका बाजूने. हार्ट अटॅक घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत दुखले तर मनगटाकडे न पाहता १०८ ला फोन करावा.

धावणाऱ्यांसाठी: जीपीएस कुठे कामाचा, कुठे नाही

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सोबत १०० मीटर धाव आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. इथे सेकंदासेकंदाला गुण असतात, म्हणून घड्याळ कसे अंतर मोजते हे मुलांनी नीट समजून घ्यावे.

खोक्यावर जीपीएस लिहिले म्हणजे तो घड्याळात असतोच असे नाही. ‘कनेक्टेड जीपीएस’ असेल तर घड्याळ फोनचा जीपीएस वापरते, म्हणजे फोन खिशात घेऊन धावावे लागते. फोन नसला की ते तुमच्या उंचीवरून पावलाची लांबी धरते आणि पावलांशी गुणते. चालीची आणि धावेची ढांग वेगळी असल्यामुळे हा हिशोब चुकतो. अंगचा जीपीएस असलेले घड्याळ उपग्रहांचे संकेत घेऊन साधारण दर सेकंदाला आपली जागा ठरवते आणि ते बिंदू जोडत अंतर काढते. मोकळ्या सरळ रस्त्यावर हे चांगले जमते. झाडीखाली, उंच भिंतीशेजारी आणि मैदानाच्या वळणांवर बिंदू इकडेतिकडे पडतात. जमिनीखालच्या खाणीत तर संकेत पोचतच नाही.

आता हिशोब करा. १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत म्हणजे सेकंदाला ५ मीटर. जीपीएसची चूक फक्त दोन टक्के धरली तरी ३२ मीटरचा फरक पडतो, म्हणजे सहा सेकंदांहून जास्त. घड्याळाने १६०० दाखवल्यावर मुलगा थांबला आणि प्रत्यक्षात १५६८ मीटरच झाले असतील, तर भरतीच्या दिवशी आपला वेळ कसा वाढला हे त्याला कळणार नाही. म्हणून टेपने मोजून आखलेल्या मैदानावर जीपीएस विसरावा आणि स्टॉपवॉच वापरावे. प्रत्येक फेरीला बटण दाबून फेरीची वेळ नोंदवता आली पाहिजे. त्यासाठी बाजूला खरी बटणे असलेले घड्याळ घ्यावे, कारण घामेजल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. लांब, सावकाश धाव मात्र गावाबाहेरच्या रस्त्यावर होते. तिथे अंगचा जीपीएस खरोखर उपयोगी पडतो, आठवड्यात किती किलोमीटर झाले ते कळते.

कॅलरी, झोप, ताण: नुसते अंदाज

कॅलरी मोजणारा सेन्सर घड्याळात नसतो. वजन, उंची, वय, नाडी आणि हालचाल एका सूत्रात घालून तो आकडा निघतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात मनगटी यंत्रे तपासली. नाडीत त्यातली सहा पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. घड्याळाने ४०० कॅलरी जळाल्या म्हटले म्हणून तेवढे जास्त खाल्ले, तर वजन उतरणार कसे?

झोपेत घड्याळ हालचाल आणि नाडी पाहते. कधी झोपलात, कधी उठलात हे बरेच बरोबर सांगते. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, ही वाटणी अंदाजाची, कारण ती खात्रीने सांगायला मेंदूच्या लहरी पाहाव्या लागतात. रात्रपाळी करणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. काही घड्याळे फक्त रात्रीचीच झोप पूर्ण धरतात आणि दिवसाची सहा तासांची झोप डुलकीत टाकतात किंवा नोंदवतच नाहीत. ताणाचा आकडाही ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून बांधलेला तर्क असतो, त्याची चिंता करत बसू नये.

रोजच्या वापरात जे नडते

पडदा भर उन्हात पाहून घ्या. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे सुंदर दिसतात. दुकानदाराला विचारून दाराबाहेर या, ऊन अंगावर घ्या आणि वेळ वाचता येते का पाहा. तिथेच कोणाला तरी व्हॉट्सॲपवर मराठीत मेसेज टाकायला सांगा. काही स्वस्त घड्याळांत देवनागरीच्या जागी नुसते चौकोन येतात किंवा जोडाक्षरे फुटतात.

बॅटरीचे ‘सात दिवस’ बहुधा पडदा बंद, कॉलिंग बंद, सेन्सर अधूनमधून, अशा मापाने धरलेले असतात. कॉलिंग चालू ठेवले की निम्म्याहून कमी उरते आणि जीपीएस तर बॅटरी तासांच्या हिशोबाने खातो. ॲपल, सॅमसंगसारखी पूर्ण ॲप चालवणारी घड्याळे दीड-दोन दिवसांत चार्जिंगला लावावी लागतात. चार्जरची तार प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ती हरवली तर आपल्या गावात मिळेल का, हे आधीच विचारावे.

पाण्याबाबत खोक्यावरचे चिन्ह वाचा. आयपी६८ म्हणजे धूळ आणि ठरावीक खोलीच्या स्थिर पाण्यापासून बचाव. ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका स्थिर दाब सोसण्याची चाचणी, पोहण्यासाठी हे हवे. गरम पाणी आणि साबण यांनी आतले रबर खराब होते, म्हणून अंघोळीला घड्याळ काढलेलेच बरे. घामाने पट्ट्याखाली पुरळ येते, तेव्हा पट्टा रोज धुऊन कोरडा करावा.

फोनशी जुळते का तेही पाहावे. ॲपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही. सॅमसंगची अलीकडची घड्याळे अँड्रॉइडलाच जोडता येतात. ब्लूटूथ कॉलिंगमध्ये फोन जवळच असावा लागतो, घड्याळ फक्त त्याचा माइक आणि स्पीकर होते. ॲप फोनमध्ये टाकताना कॉन्टॅक्ट, मेसेज, लोकेशन अशा परवानग्या मागते. ज्यांचे काम नाही त्या नाकाराव्यात.

कोणी काय घ्यावे

कॉल कळावेत, वेळ दिसावी आणि चालणे मोजावे एवढ्यासाठी दीड ते तीन हजारांतले भारतीय ब्रँडचे घड्याळ पुरते. त्यातल्या बीपीकडे मात्र लक्षच देऊ नये. भरतीची तयारी करणाऱ्याने अंगचा जीपीएस, बटणे आणि फेऱ्यांची नोंद पाहावी, मग कॉलिंग नसले तरी चालेल. पैसे नसतील तर साधे डिजिटल स्टॉपवॉच आणि टेपने मोजलेले मैदान यांवरही तयारी उत्तम होते. हृदयाचा त्रास असलेल्या घरच्या माणसासाठी ईसीजीचे घड्याळ घ्यायचे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, त्यांना तो आलेख उपयोगाचा आहे का हे विचारावे.

एमआरपी ७,९९९ आणि विक्री १,४९९ ही सूट पाहून मोह होतो, पण घड्याळाची खरी किंमत विक्रीचीच असते. बिल पक्के घ्या. बीआयएसचा नोंदणी क्रमांक खोक्यावर शोधा, ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो तपासता येतो. सर्व्हिस सेंटर भंडाऱ्यात, नागपुरात की फक्त कुरिअरने, हे विचारा. तक्रार ऐकून घेतली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

परत करण्याची मुदत संपण्याआधी

घड्याळ हाती आले की पाच तपासण्या करा. शांत बसून दुसऱ्या हाताच्या मनगटाची नाडी ३० सेकंद मोजा, दुप्पट करा आणि पडद्याशी ताडा. दोन-चार ठोक्यांचा फरक चालेल. मनात शंभर पावले मोजत चाला आणि आकडा पाहा. मोजलेल्या मैदानावर चार फेऱ्या मारा. एक रात्र घालून झोपा आणि झोपेची-उठण्याची वेळ जुळते का पाहा. शेवटी घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधून बीपी आणि ऑक्सिजन मोजायला लावा. प्रकाश परत फिरल्यामुळे नाडीचा एखादा आकडा बऱ्या घड्याळातही चुकून येऊ शकतो. पण टॉवेलचे बीपी १२२/७९ आले, तर ते घड्याळ आकडे बनवते आहे. सरळ परत करा.

ज्या घड्याळाने या तपासण्या पार केल्या, ते निदान दोन-तीन महिने एकाच हातावर, एकाच पद्धतीने वापरा. एका दिवसाच्या आकड्याने आनंदू नका की घाबरू नका. विश्रांतीची नाडी महिन्याभरात खाली येते आहे का, आठवड्याची १५० मिनिटे भरतात का, झोपेची वेळ सुधारते का, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्यांची उत्तरे साधे घड्याळही प्रामाणिकपणे देते, आणि तब्येत सुधारायला तेवढीच लागतात.